लाल – वेगळा

काका गेले त्याला आता तीन वर्षं होतील. दिवसकार्य आटोपल्यावर काकूने मला आत बोलावलं आणि माळ्यावरनं बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढायला लावला. म्हणाली, "हा तू घेऊन जा बाबा, माझ्यामागे रद्दीत जायला नको, त्यांचा जीव होता त्यात." डबा उघडला तर आत बटर पेपरच्या पुड्या, दोरा गुंडाळलेल्या, आणि प्रत्येकीवर काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं. "लाल". "लाल – वेगळा". "हिरवा". "हिरवा – कच्चा". "जांभळा". "चॉकलेटी मोठा". सगळी जुनी ब्रिटिश पोस्टाची तिकिटं, मोजली तेव्हा तेराशेच्या वर भरली.

काका बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत डिस्पॅचला होते. १९७१ साली ऑफिस हललं तेव्हा गोडाऊनमधल्या जुन्या फायली पोत्यांत भरून रद्दीला निघाल्या, त्यात लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोहून आलेली पत्रं, पावत्या, बिलं, अगदी १८८० च्या आसपासपासूनची. काकांनी साहेबांची परवानगी काढली आणि चार रविवार ठाण्याहून लोकलने जाऊन ती तिकिटं कापून आणली. आज वाटतं अख्खी पाकिटं ठेवली असती तर किती बरं झालं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात पोतंभर पाकिटं ठेवायची कुठे, तिकिटं वाचली हेच खूप आहे.

मला तोवर भारतीय तिकिटांची थोडीफार आवड होती, ब्रिटिश तिकिटांचं काहीच माहीत नव्हतं. स्टॅन्ली गिबन्स या तिकीटवाल्या कंपनीचा एक जुना कॅटलॉग मिळवला आणि उघडला तर डोकंच फिरलं, कारण दिसायला सेम टू सेम एकाच तिकिटाला पाच-सहा नंबर, आणि फरक काय तर रंगाची छटा. एका लालला स्कार्लेट, दुसऱ्याला रोज-रेड, तिसऱ्याला रोज-कार्माइन. किमतीतही कुठे दहापट फरक. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की ट्यूबलाइटखाली भिंग घेऊन बसायचो आणि आज जे रोज-रेड वाटलं ते उद्या स्कार्लेट वाटायचं. दोन महिने असेच गेले.

त्याआधी एक मोठी चूक झाली ती आधी सांगून टाकतो, कारण कोणी नवीन सुरुवात करत असेल तर निदान त्याचं नुकसान वाचेल. तिकिटाच्या मागचा पाकिटाचा कागद काढायला तिकीट पाण्यात सोडतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी "जांभळा" ही पुडी उघडली आणि तीसेक तिकिटं ताटलीत कोमट पाण्यात सोडली. ही पेनी लायलॅक, म्हणजे एक पेनीची जांभळी, राणी व्हिक्टोरियाची, १८८१ पासून २० वर्षं चाललेली. हे एकच तिकीट टपालालाही चालायचं आणि पावतीवर रेव्हेन्यू म्हणूनही, म्हणून काकांकडे पावत्यांवरची, शाईने सही केलेली बरीच होती. चहा करून परत आलो तर पाणी जांभळट झालेलं. डे ला रू कंपनीने ही तिकिटं मुद्दाम अशा शाईत छापली होती की शिक्का धुऊन तिकीट परत वापरायला कोणी गेलं तर तिकिटाचा रंगच निघून जावा. ही गोष्ट १४० वर्षांनंतर माझ्या ताटलीत अगदी बरोबर घडली. काही तिकिटं राखाडी झाली, काहींवर राणीचा चेहरा पुसट झाला.

आणि त्यातलं एक १४ ठिपक्यांचं होतं. पेनी लायलॅकच्या चारही कोपऱ्यांत मण्यांसारखे बारीक ठिपके असतात. जुलै १८८१ ला निघालेल्या पहिल्या छपाईत कोपऱ्यागणिक १४, आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून १६. म्हणजे १४ वालं जेमतेम काही महिने छापलेलं. भिंगाखाली ठिपके मोजताना ते सापडलं, पण धुतल्यानंतर. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही, काकांनी ५० वर्षं सांभाळलेलं तिकीट मी अर्ध्या तासात घालवलं. आता जांभळ्या आणि हिरव्या व्हिक्टोरियांना मी पाण्यात घालतच नाही, फारच गरज असली तर ओल्या टिपकागदावर तिकीट उताणं ठेवतो, म्हणजे ओल फक्त मागच्या कागदाला लागते, आणि तेही डोळ्यासमोर.

यानंतर मी एका सरांना गाठलं. वय ८० च्या पुढे, दादरला राहतात, ब्रिटिश तिकिटं आयुष्यभर बघितलेली. मी त्यांच्यासमोर चार लाल तिकिटं ठेवली आणि विचारलं, सर ही शेड कोणती. त्यांनी तिकिटांकडे बघितलंही नाही, म्हणाले, "रंग शेवटी बघायचा. आधी शिक्का वाच, मग दाते मोज, मग कागद बघ, मग पाणचिन्ह. एवढं करून जे उरेल तिथे रंगाला विचार." (पाणचिन्ह म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण.) मला हे आधी पटलं नाही, शेडच ओळखायची तर रंग शेवटी कसा? पण पुढचं वर्षभर मी जे काही शिकलो ते सगळं या एका वाक्याचंच होतं.

"लाल" आणि "लाल – वेगळा" या दोन पुड्यांवर हे कसं चाललं ते सांगतो. दोन्हीत सातव्या एडवर्डचं एक पेनीचं तिकीट. पहिलीत २१२, दुसरीत ३८. एक पेनीचीच एवढी का, तर १८९८ च्या नाताळपासून ब्रिटनहून हिंदुस्थानला साधं पत्र एका पेनीत येऊ लागलं होतं, तेव्हा कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक पत्रावर हेच तिकीट असणार.

एडवर्डची तिकिटं १९०२ पासून डे ला रूने छापली. मे १९१० मध्ये राजा वारला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला डे ला रूचं कंत्राटही संपलं. नव्या राजाची, पाचव्या जॉर्जची तिकिटं तयार नव्हती (ती आली २२ जून १९११ ला, राज्याभिषेकाच्या दिवशी, आणि तीही सुरुवातीला फक्त अर्धा पेनी आणि एक पेनी), म्हणून मधल्या काळात वारलेल्या राजाचीच तिकिटं दुसऱ्यांकडून छापून घ्यावी लागली. अर्धा, एक, अडीच, तीन आणि चार पेन्सची हॅरिसन अँड सन्सकडे, बाकीची सॉमरसेट हाउस या सरकारी छापखान्यात. डिझाइन तेच, छापणारा वेगळा, शाई वेगळी. शेड्सचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

पण यातच उत्तरही आहे. हॅरिसनचं तिकीट मे १९११ च्या आधी पोस्टात मिळतच नव्हतं. म्हणजे शिक्क्यावर १९०५ किंवा १९०९ दिसलं की ते डे ला रूच, मग त्याचा रंग मला कसाही दिसो. उलट मात्र चालत नाही, १९१२ चा शिक्का असला तरी तिकीट जुनं उरलेलं असू शकतं. म्हणून मी काय केलं, "लाल" पुडीतली तारीख स्वच्छ वाचता येते अशी सगळी तिकिटं वेगळी काढली, ७४ निघाली, ती वर्षाप्रमाणे काळ्या स्टॉकबुकात ओळीने लावली, १९०२, ०३, ०४ अशी थेट १९१० पर्यंत. एकही "बहुतेक" नाही, सगळी खात्रीची. ही माझी शिडी. कॅटलॉगवाले रंगांचे नमुने असलेली छापील पट्टीही विकतात, मी एकदा कोणाची तरी वापरून बघितली, पण गुळगुळीत कागदावरचा सलग रंग आणि बारीक रेघांनी बनलेला, वर शिक्का बसलेला, शंभर वर्षं जुना रंग, यांची तुलना डोळ्याला नीट जमत नाही. तिकिटाशेजारी तिकीटच हवं.

मग परफोरेशन, म्हणजे कडेचे दाते. गेज म्हणजे एक पट्टी असते, २ सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा तिच्यावर कळतो. डे ला रू १४. हॅरिसनचं सुरुवातीला १४, पण १९११ मध्येच त्यांनी नवीन मापही सुरू केलं, आडवं १५ आणि उभं १४. हे १५ गुणिले १४ माप एडवर्डच्या तिकिटांत फक्त हॅरिसनचं. मी "लाल – वेगळा" मधलं पहिलं तिकीट गेजवर ठेवलं, १४. दुसरं १४. पाचवं ठेवलं आणि आडवे दाते १४ च्या रेघांवर बसेनात, खाली सरकवलं, १५ वर गच्च बसलं. त्या पुडीत अशी सात निघाली. "लाल" पुडीत २१२ पैकी एकही नाही.

आता मी शिक्के वाचायला घेतले. ३८ पैकी १७ वर साल लागत होतं. सगळ्यात जुना शिक्का ऑगस्ट १९११, बाकीचे त्यानंतरचे. १९११ च्या आधीचा एकही नव्हता.

काकांकडे कॅटलॉग नव्हता, गेज नव्हतं, हॅरिसन हे नाव त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी रविवारी दुपारी खिडकीशी बसून नुसत्या डोळ्यांनी २५० लाल तिकिटांतून ३८ बाजूला काढली आणि पुडीवर लिहिलं "वेगळा", आणि ती खरोखरच वेगळी होती. मी दोन महिने ट्यूबलाइटखाली बसून जे करू शकलो नव्हतो ते. मी काकूला फोन करून सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "साडीचा काठ आणि पदर एका रंगाचे नाहीत हे त्यांना दुकानातच कळायचं रे."

ट्यूबलाइट हाच माझा घोळ होता. आता मी फक्त सकाळी १० ते १२, उत्तरेकडच्या खिडकीशी, ऊन थेट पडत नाही तिथे बघतो. पावसाळ्यात ढग दाटले की काम बंद, कारण त्या करड्या उजेडात सगळे लाल विटकरी दिसतात. आणि एक साधी युक्ती सरांनी शिकवली. काळ्या कार्डाला सारखी दोन छोटी भोकं पाडायची आणि दोन तिकिटं त्याखाली ठेवून फक्त रंगाचा तेवढाच तुकडा बघायचा, शिक्का नको, पांढरी कड नको, राजाचं तोंडही नको. भोकातून बघितलं की डे ला रूचा लाल शेंदराकडे झुकलेला दिसतो आणि हॅरिसनचा कुंकवात थोडा गुलाल पडल्यासारखा. इंग्रजी नावांपेक्षा मला असं लक्षात ठेवणं सोपं जातं, आणि चुकतंही कमी.

त्या ३८ मध्ये दोन अशी होती की ती भलतीच भडक, जवळजवळ राणी रंगाकडे जाणारी. मागे उलटून बघितलं तर मागच्या बाजूलाही गुलाबी झाक उतरलेली. ही अ‍ॅनिलिन शाई, कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या रंगाची, ती कागदात मुरते आणि पाठीला फुटते. सरांनी ती दोन्ही बघितली, पाठ बघितली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "वा" ऐकलं.

कागदाचंही एक सांगतो. एडवर्डच्या काही तिकिटांना खडूचा लेप दिलेला कागद आहे, शिक्का धुऊन काढू नये म्हणूनच. ओळखायचं कसं, तर चांदी घासली की लेपावर शिसपेन्सिलीसारखी काळी रेघ उठते. आईचं एक मोडीतलं जोडवं माझ्या तिकिटांच्या ड्रॉवरमध्ये कायमचं येऊन पडलंय ते यासाठी. पण रेघ जात नाही, म्हणून फाटक्या तिकिटावर, तेही कडेच्या दात्यावर एवढंसं टेकवायचं, चांगल्या तिकिटावर अजिबात नाही.

रंग कसा फसवतो याचं एक उदाहरण मी विसरणार नाही. एडवर्डचं चार पेन्सचं तिकीट आधी हिरवं-तपकिरी दुरंगी होतं, १९०९ मध्ये ते नारिंगी झालं, आणि त्या नारिंगीत एक तपकिरी झाक असलेली शेड आहे, तिला भाव जास्त. माझ्याकडे एक अगदी तशी निघाली, खजुराच्या रंगाची. मी तीन दिवस खुशीत होतो. मग भिंगाखाली दिसलं की वरचा डावा कोपरा पुढच्या बाजूला दुमडून चिकटलेला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. ओल्या ब्रशने दमट करून चिमट्याने हळूच उलगडला, आणि आतून लख्ख नारिंगी निघाला, झेंडूसारखा. म्हणजे मूळ तिकीट साधं नारिंगीच, मुंबईच्या हवेत उघडी बाजू काळवंडत गेली आणि झाकलेला कोपरा जसाच्या तसा राहिला. काहीजण हायड्रोजन पेरॉक्साइडने असं तिकीट उजळवतात, मी केलं नाही. तो कोपरा तसाच उघडा ठेवून मी ते तिकीट शिडीच्या पहिल्याच पानावर लावलंय, तपकिरी दिसलं की आधी त्याच्याकडे बघायचं.

पेनी रेड, म्हणजे व्हिक्टोरियाचं एक पेनीचं लाल तिकीट, मी पटकन सांगतो कारण काकांकडे थोडीच होती, आणि त्यात रंगापेक्षा आकड्याचं काम जास्त. १८६४ पासूनच्या तिकिटांत दोन्ही बाजूंच्या नक्षीत छपाईच्या प्लेटचा नंबर कोरलेला असतो, ७१ ते २२५, मधले काही नंबर वापरलेच नाहीत. ७७ नंबर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मला एका तिकिटावर ७७ दिसला आणि छातीत धडधडायला लागलं, पण दुसऱ्या बाजूला शिक्का पातळ होता, तिथे तिरपं धरून बघितलं तर ७७ च्या आधी १ उभा. १७७. सर म्हणाले प्रत्येकाला एकदा तरी हे तिकीट भेटतंच.

"चॉकलेटी मोठा" या पुडीवर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि अजून जातोय. ही पाचव्या जॉर्जची अडीच शिलिंगाची मोठी तिकिटं, ज्यांना सगळे सीहॉर्स म्हणतात. समुद्राच्या लाटांवर तीन घोडे, मागे रथात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, डिझाइन बर्ट्रम मॅकेनलचं, खोदकाम जे. ए. सी. हॅरिसनचं (हा खोदकाम करणारा, वरची छापणारी कंपनी नव्हे). प्लेटमध्ये कोरून छापलेलं असल्यामुळे शाई कागदावर उभी राहते, बोटाच्या टोकाला लाटा लागतात. एकूण ११ होती, बहुधा जहाजांच्या कागदपत्रांच्या जाड पाकिटांवरची. हीसुद्धा वेगवेगळ्यांनी छापली, १९१३ मध्ये वॉटरलोने, १९१५ च्या अखेरीपासून डे ला रूने, १९१८ च्या अखेरीपासून ब्रॅडबरी विल्किन्सनने. १९३४ चं चौथं पुन्हा खोदलेलं, त्याची पार्श्वभूमी वेगळी आहे, ते लगेच कळतं.

ब्रॅडबरी सोपं, मोजलं की संपलं. पहिल्या दोघांचं चित्र उंचीला साधारण २२ मिलिमीटर, ब्रॅडबरीचं पाऊणएक मिलिमीटर जास्त. त्यातल्या बऱ्याच तिकिटांच्या वरच्या कडेला मधोमध शाईचा एक बारीक ठिपकाही असतो. अशी सहा निघाली. उरली पाच, आणि वॉटरलो की डे ला रू हे मात्र उंचीवर ठरत नाही, कारण प्लेटा त्याच. इथे खरोखर रंगालाच विचारावं लागतं. वॉटरलोचा रंग कॉफीच्या पुडीसारखा गडद, छपाई एकदम कातीव. डे ला रूचा बहुतेक वेळा कोल्हापुरी गुळासारखा पिवळट, पण त्यांनीही मध्येच गडद काढलेली आहेत, तिथे घोडं अडतं.

पाचातल्या एकावर लंडनचा जुलै १९१४ चा शिक्का होता, ते वॉटरलोच, दुसरं कोणी छापतच नव्हतं. ती माझी पहिली पायरी. दोन उघड उघड गुळाच्या रंगाची, ती डे ला रू. चौथं १९१४ वाल्याशेजारी भोकाच्या कार्डाखाली ठेवलं तर दोन भोकांत फरकच दिसेना, घोड्यांच्या आयाळीच्या रेघाही तशाच धारदार, ते मी वॉटरलो म्हणून लावलं. पाचवं १९१७ चं आहे. गडद आहे पण मागचा कागद पिवळसर, आणि ब्रिटानियाच्या ढालीतल्या रेघा जरा भरलेल्या. सकाळी बघितलं की वॉटरलो वाटतं आणि तासाभराने डे ला रू. सरांनी ते तीनदा बघितलं आणि तिन्ही वेळा म्हणाले "मला सांगता येत नाही", आणि ज्या माणसाने ६० वर्षं हीच तिकिटं बघितली तो असं सरळ म्हणतो यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढलाच. लंडनला तज्ज्ञांकडे पाठवून सर्टिफिकेट घेता येतं, पण त्या खर्चात आणखी दहा तारीखवाली सीहॉर्स येतील, शिडी वाढेल, म्हणून मी तेच करतोय. ते तिकीट वेगळ्या पाकिटात आहे, वर मी "चॉकलेटी – बघायचं" असं पेन्सिलने लिहून ठेवलंय.

काकांच्या पुड्यांचे बटर पेपर मी टाकले नाहीत. "लाल – वेगळा" हा कागद हॅरिसनच्या पानासमोर प्लास्टिकच्या खिशात आहे, गेल्या महिन्यात काकू आली तेव्हा तिला दाखवला. तिने चष्मा लावला, खिडकीशी नेऊन दोन्ही पानं धरली आणि म्हणाली, "हो की रे, हा जरा गुलाबीच आहे." मग तिनेच विचारलं, "आणि ते हिरवं कच्चं?" ती पुडी अजून उघडायची आहे, अर्ध्या पेनीची १४० तिकिटं आहेत. हॅरिसनने अर्धा पेनीसुद्धा छापली होती, तेव्हा मला अंदाज आहे आत काय असेल ते, पण गेज आणि शिक्के बघितल्याशिवाय बोलणार नाही. आता पाऊस आहे, ऑक्टोबरचा उजेड आला की बसणार आहे, काकूही येते म्हणालीय.